पाते, पट्टी आणि कागदाचा कपटा : नगर जिल्ह्यातील कडबा-कुट्टीच्या यंत्राचा इतिहास

नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात रब्बीची ज्वारी काढली की धान्याइतकीच किंमत कडब्याला येते, आणि दुष्काळी वर्षी तर धान्याहून अधिक. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या पट्ट्यात मालदांडी ज्वारीचा कडबा पुरुषभर उंच वाढतो. त्याच्या पेंढ्या बांधून गंज रचली जाते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या गंजीकडे पाहून शेतकरी वर्षाचा हिशेब मांडतो. परंतु पेंढी आख्खी दावणीत टाकली, तर बैल पाने खातो, शेंडा खातो, आणि बुडख्याकडचे जाड, टणक कांडे तुडवून शेणात मिसळतो. ग्रामीण मराठीत या उरलेल्या वैरणीला ‘चघळ’ म्हणतात. कृषी-विस्ताराच्या पुस्तिकांत या नासाडीचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. म्हणजे शंभर पेंढ्यांच्या गंजीतील तीस पेंढ्या जनावराच्या पोटात न जाता उकिरड्यावर जातात.

हे थांबवण्याचा उपाय जुना आहे: कडबा बारीक करून घालावा. त्यासाठी जे यंत्र आले, त्याच्या पात्यांचा इतिहास येथे मांडायचा आहे. विषय किरकोळ वाटेल. पण एक पाते किती अंतरावर, कोणत्या अंगाने आणि कोणत्या बोल्टने बसवले आहे, या प्रश्नाला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वैरण, घाम, दूध आणि पुष्कळदा माणसाचा हात इतक्या गोष्टी जोडल्या गेल्या आहेत.

यंत्रापूर्वीची पद्धत साधी होती. बाभळीचा किंवा लिंबाचा ओंडका जमिनीत पुरायचा, त्यावर पेंढी आडवी धरायची आणि कुऱ्हाडीने किंवा कोयत्याने तिचे दोन-तीन तुकडे करायचे. यात तुकडा वीतभर लांबीचा निघे. त्याहून बारीक करायला वेळ कोणाला होता? शिवाय एका हाताने पेंढी धरायची आणि दुसऱ्याने घाव घालायचा, त्यामुळे बोटावर घाव बसणे हेही ठरलेलेच. या पद्धतीत धार एकच असते. खालचा ओंडका फक्त आधार देतो, तो कापत नाही. कुऱ्हाडीचे वजन आणि वेग यांच्या जोरावर ताट तुटते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वैरण कापण्याची जी नवी यंत्रे आली, त्यांनी हे तत्त्वच बदलले. वोबर्न येथील रॉबर्ट सॅल्मन यांचे १७९७ च्या सुमाराचे यंत्र त्यांपैकी एक. चाकावर पाती बसवायची, चाकासमोर वैरणीचे तोंड ठेवायचे आणि तोंडाच्या कडेला एक स्थिर पोलादी पट्टी बसवायची. फिरते पाते त्या पट्टीला जवळजवळ घासून जाते आणि दोहोंच्या मध्ये सापडलेले ताट कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. म्हणजे धारा दोन झाल्या, एक चालती आणि एक बसती. यापुढे कापण्याची ताकद घावात नव्हती. ती या दोन धारांमधील अंतरात होती.

याच तत्त्वाचा एक नातेवाईक पुढे जगभर प्रसिद्ध झाला. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड गावाजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव सारखी करण्यासाठी तेथे गोल फिरणाऱ्या पात्यांचे यंत्र वापरीत. एडविन बडिंग या तंत्रज्ञाने ते पाहिले आणि कापडाच्या जागी गवत कल्पिले. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. फिरत्या रुळावरील पाती आणि खाली एक स्थिर पाते, अशी त्याची रचना होती. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने परवाना घेऊन ही यंत्रे बनवायला आरंभ केला. हीच कंपनी नांगरही बनवीत असे, आणि तिचे लोखंडी नांगर पुढे दख्खनच्या काळ्या जमिनीतही चालले. साहेबाच्या बंगल्यासमोरची हिरवळ कापणारे यंत्र आणि कुणब्याच्या गोठ्यातील कडबा कापणारे यंत्र ही अशी एकाच घराण्यातली भावंडे. एकाने कापलेले गवत बहुधा फेकून दिले जाते आणि दुसऱ्याने कापलेली काडी न् काडी मोलाची असते, एवढाच फरक.

मराठी मुलखात हे यंत्र घडवण्याची कथा किर्लोस्करांपासून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेल्यावर ते ती नोकरी सोडून बेळगावला आले. तेथे बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी जी शेतीची अवजारे बनवायला घेतली, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही दोन प्रमुख होती. नांगराची कथा सर्वांना ठाऊक आहे: लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिली दोनेक वर्षे गिऱ्हाईक मिळेना. कडबा कापण्याच्या यंत्राविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि हे इतिहासकारांचे नेहमीचे दुर्लक्ष आहे. जमिनीत जाणारे अवजार त्यांना थोर वाटते, गोठ्यातले वाटत नाही. वास्तविक गोठ्यातील यंत्राला जमीन नासण्याचा आक्षेप लागूच नव्हता. पुढे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि दोन्ही अवजारे तेथून बाहेर पडू लागली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक मुळात या कारखान्याची वार्ता लोकांपर्यंत नेण्यासाठी होते. मराठीतील एका मोठ्या मासिकाचा जन्म नांगर आणि कडबा-यंत्रांच्या सहवासात झाला, ही बाब वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच नोंदवली जाते.

नगर शहरातही याच सुमारास यंत्रविद्येचे प्रयोग चालू होते. अमेरिकन मराठी मिशनच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम आणि धातुकाम शिकवले जाई, आणि मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी येथेच जलद चालणारा हातमाग तयार केला. पण तो धागा विणकरांच्या इतिहासाचा आहे. येथे एवढेच पाहायचे की नट, बोल्ट, पाना आणि कानस ही साधने हाताळणारी माणसे जिल्ह्यात तेव्हा अस्तित्वात येऊ लागली होती. खेड्यात मात्र ती नव्हती.

खेड्यात लोहार होता. तो बलुतेदार. नांगराचा फाळ शेवटायचा, कुऱ्हाडीला पाणी द्यायचे, विळ्या-खुरप्यांना धार लावायची, आणि त्या बदल्यात खळ्यावर वर्षाचे धान्य न्यायचे, ही त्याची व्यवस्था. कुट्टीचे यंत्र या व्यवस्थेत बसत नव्हते. त्याचे पाते लोहाराने घडवलेले नसून कारखान्यातून आलेले होते. ते ऐरणीवर ठोकून वाढवता येत नव्हते. सर्वांत मोठी अडचण धारेची होती. कुऱ्हाडीला दोन्ही अंगांनी उतार असतो आणि धार मधोमध येते. कुट्टीच्या पात्याला उतार एकाच अंगाने असतो. दुसरे अंग आरशासारखे सपाट राहिले पाहिजे. सवयीच्या हाताने दोन्ही अंगांनी कानस फिरवली की पाते वरवर पाहता अधिक तीक्ष्ण होते आणि यंत्रात बसल्यावर निकामी ठरते. ही चूक आजही गोठ्यागोठ्यांत होते.

ती चूक का ठरते, हे समजायला पाते बसवण्याची रीत नीट पाहावी लागेल.

हाताने चालणाऱ्या यंत्राच्या मोठ्या चाकाला सामान्यतः दोन पाती असतात, आरांवर समोरासमोर. चाक फिरू लागले की दातेरी रूळ कडब्याला पन्हळीतून तोंडाकडे ओढतात आणि तोंडाबाहेर आलेले टोक पाते छाटते. पात्याचे सपाट अंग तोंडावरील पट्टीकडे असावे लागते आणि उताराचे अंग बाहेरच्या बाजूस. कात्रीची दोन पाती एकमेकांवरून सरकतात तेव्हा त्यांची सपाट अंगेच एकमेकांना लागतात, तोच हा न्याय. पाते उलटे बसले तर उतार पट्टीकडे येतो आणि खरी धार पट्टीपासून पात्याच्या जाडीइतकी दूर राहते. त्या फटीत ताट कापले न जाता वाकते, तंतू सोलून निघतात आणि चाक जागच्या जागी अडते. दोन्ही अंगांनी कानस मारल्यास थोड्या प्रमाणात हेच घडते, कारण धार सपाट अंगापासून मागे सरकलेली असते.

अंतर जुळवण्यासाठी पात्याच्या मागे लहान स्क्रू दिलेले असतात. बोल्ट आधी हातानेच अर्धवट आवळायचे. मग चाक हळूहळू फिरवून पाते पट्टीसमोर आणायचे आणि मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून पाते पट्टीला जेमतेम न लागेल इतके जवळ घ्यायचे. पात्याची फक्त धार पट्टीजवळ हवी, त्याची पाठ किंचित दूर, नाहीतर सबंध पाते घासत राहते आणि फिरवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पाते वक्र असल्याने एका टोकाला जुळले म्हणजे दुसऱ्या टोकाला जुळलेच असे नाही. बुडखा, मध्य आणि शेंडा अशा तिन्ही जागी पाहावे लागते.

आणि पाहायचे कशाने? येथे जुन्या हिरवळ-यंत्राची आणि कुट्टीच्या यंत्राची कसोटी एकच आहे: कागदाचा कपटा. पट्टीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरून चाक हाताने सावकाश फिरवायचे. कागद स्वच्छ कापला गेला तर अंतर बरोबर, मुडपून फाटला तर फट जास्त, आणि चाक कुरकुरले तर पाते घासते आहे. एका पात्यावर ही परीक्षा झाली की दुसऱ्यावर वेगळी करावी लागते. एकच पाते जुळवून काम भागले असे मानणाऱ्याची अर्धी कुट्टी चांगली आणि अर्धी चिंधाडलेली निघते, आणि दोष कडब्याला दिला जातो.

अखेरीस बोल्ट पक्के आवळायचे, खाली स्प्रिंग वायसर घालून. हा वायसर लहानसा असतो, हरवतो, आणि त्याच्या जागी तारेचा वेढा किंवा काहीच नाही अशी स्थिती येते. दोन्ही पाती वजनानेही सारखी असावी लागतात. एक पाते झिजून हलके झाले असता दुसऱ्या बाजूला नवे जड पाते बसवले तर चाक डुगडुगते. म्हणून पाती जोडीने बदलावीत, असा कारागिरांचा दंडक आहे. धार लावण्यातही मर्यादा आहे. विजेच्या शाणेवर पाते जोर देऊन धरले आणि त्याची कड निळी पडली, की पोलादाचे पाणी उतरले समजावे. मग ती धार दोन दिवसही टिकत नाही.

कुट्टीची लांबीही पात्यांवर अवलंबून असते. रूळ ठरावीक गतीने वैरण पुढे सरकवतात. चाकावर दोन पाती असतील तर एका फेऱ्यात दोन छाट पडतात, एक काढून टाकले तर तुकडा दुप्पट लांब होतो आणि चाकाचा तोलही जातो. दुभत्या जनावराला एक-दीड इंचाचा तुकडा चालतो. फार भुकटी केली तर रवंथ नीट होत नाही आणि दुधाची फॅट उतरते. फॅटवर दर ठरणाऱ्या दूध-संकलन केंद्रावर त्याचा परिणाम थेट रुपयांत दिसतो.

या सगळ्या खटाटोपाची गरज नगर जिल्ह्याला का भासली, याचे उत्तर चराईच्या इतिहासात आहे. जोवर जनावर रानात जाऊन चरत होते, तोवर वैरण कापून घालण्याचा प्रश्न उन्हाळ्यापुरता होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलखात्याने राने राखीव करायला सुरुवात केली, १८७८ च्या कायद्याने त्याला बळ मिळाले, आणि गावाच्या गुरांना पिढ्यान्‌पिढ्या मोकळी असलेली कुरणे फीच्या किंवा दंडाच्या कक्षेत आली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याविरुद्ध जी तक्रार मांडली, तिचा गाभा हाच होता. याच दशकात, १८७५ साली, श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर वर्षभरातच १८७६-७८ चा दुष्काळ आला, मग १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. चाऱ्याच्या दुष्काळात बैल मेला तर शेतकरी पुढचा पाऊस पडूनही पेरू शकत नसे. नवा बैल घ्यायचा तर पुन्हा सावकाराच्या दारी. चघळीत गेलेल्या तीस पेंढ्यांचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे.

चराई आक्रसण्याची दुसरी पायरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, आणि ती सक्तीची नसून गावांनी स्वतः स्वीकारलेली आहे. राळेगणसिद्धीने आणि पुढे नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पाणलोटाच्या कामाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी लागू केली. डोंगरावर जनावर सोडायचे नाही, गवत विळ्याने कापून आणायचे. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारविषयी लिहिताना पाण्याच्या ताळेबंदाचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. परंतु चराईबंदीचा अर्थ असा की जनावर चाऱ्याकडे जाण्याऐवजी चारा जनावराकडे येऊ लागला. चारा दारात आला की तो कापावाच लागतो. कुऱ्हाड बंद झाली आणि पाते घरात आले, असे म्हणता येईल.

जिल्ह्याच्या उत्तरेची वाट निराळी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूर, राहाता हा पट्टा उसाचा झाला, आणि लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० मध्ये सुरू झाला. उसाबरोबर वाढे आले. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाढे, हिवाळाभर जनावरांची हुकमी वैरण. ऊसतोडणीच्या जगात तर पात्याने माणसाचे नावच घेतले आहे. पाथर्डी-शेवगावच्या दुष्काळी गावांतून तोडणीला निघणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाची उचलही कोयत्यावर ठरते. कोयते किती, असा प्रश्न विचारला जातो, माणसे किती, असा नाही. तोडलेल्या वाढ्यांच्या मोळ्या विकून या जोडीला रोजचे चार पैसे मिळतात, आणि ती मोळी घेणारा बागायतदार ती घरच्या कुट्टी-यंत्रात घालतो. एकाच काडीवर दोन पाती चालतात, आणि दोन्ही पात्यांमागची माणसे अगदी वेगळ्या परिस्थितीत जगत असतात.

१९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तीन रक्तांची ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय आणि बाजरी-नेपिअरच्या संकराचे ‘फुले जयवंत’ हे गवत ही तेथील देणी. संकरित गाय कडब्याचे टणक बुडखे चघळत बसत नाही आणि नेपिअरचे जाड ताट आख्खे खात नाही. दूधधंदा वाढला तसे कुट्टी-यंत्र हे बैलाच्या गोठ्यातून गायीच्या गोठ्यात गेले, आणि उन्हाळ्याचे अवजार न राहता रोज सकाळ-संध्याकाळचे झाले. १९७२ च्या दुष्काळात गुरांच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात अशा शेकडो छावण्या होत्या. तेथे कडब्याऐवजी ऊस आला. उसाचे कांडे कडब्याहून कठीण, त्याला चिकटलेली माती पात्याला आणखी मारक. कडब्यासाठी जुळवलेले अंतर उसाच्या पेऱ्यावर आपटून सैल होते, पाते बोल्टावर हलू लागते. जनावरांची रांग उभी असताना यंत्र थांबवून पाना हाती घेण्याची उसंत मात्र कोणाला नसते.

हाताच्या यंत्रावर या सैलपणाची किंमत घामाने चुकवली जात असे. चाक मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे घेई. पाते घासले तर फिरवणारा थांबे, शिवी हासडे, आणि पुन्हा फिरवी. विजेची मोटर आल्यावर ही किंमत बदलली. मोटरच्या यंत्राचे फेरे मिनिटाला शेकड्यांत असतात. फिरत्या पात्याला बाहेर फेकणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दहापट झाला की बल शंभरपट. हाताच्या चाकावर जो बोल्ट वायसरविना वर्षानुवर्षे तग धरून होता, तोच मोटरवर तुटतो आणि पाते गोठ्याच्या पत्र्यातून आरपार जाते. उलटे बसवलेले पाते हाताच्या यंत्रात चाक अडवते. मोटरच्या यंत्रात चाक अडत नाही, रुळांत वैरण तुंबते, आणि तुंबलेली वैरण मोटर बंद न करता हाताने रेटण्याचा मोह होतो. रूळ वैरण आणि बोटे यांत भेद करीत नाहीत. अपघाताच्या बातमीत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द ठरलेला असतो. परंतु हात तोंडात का घालावा लागला, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा बोथट किंवा चुकीच्या बसवलेल्या पात्यात असते.

यंत्राच्या मायदेशाने हा धोका लवकर ओळखला होता. ब्रिटिश संसदेने १८९७ मध्ये केवळ वैरण कापण्याच्या यंत्रांपासून होणाऱ्या अपघातांसाठी स्वतंत्र कायदा केला. हाताशिवाय अन्य शक्तीवर चालणाऱ्या यंत्राला तो लागू होता. वैरण घालणाऱ्याचा हात रुळांतून पात्यांपर्यंत ओढला जाणार नाही अशी तोंडाची रचना असावी, आणि जड चाक व पाती काम चालू असताना झाकलेली असावीत, असे त्यात म्हटले होते. तोवर किर्लोस्करांचे पहिले यंत्रही बनलेले नव्हते. म्हणजे यंत्राचे तंत्र दख्खनमध्ये आले तेव्हा त्याच्या संरक्षणाचा नियम मायदेशी छापून तयार होता. तंत्राचा प्रवास झाला, नियमाचा झाला नाही. वसाहतीच्या इतिहासात ही विषमता अनेक ठिकाणी दिसते, येथे ती बोटांच्या हिशेबात मोजता येते.

स्वतंत्र भारतात १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. त्याने थेट नाव घेतले ते मळणीयंत्राचे, कारण पंजाब-हरियाणात मळणीयंत्रांत हात गमावलेल्या मजुरांची संख्या तेव्हा देशाला हादरवीत होती. कुट्टीच्या यंत्राकडे शास्त्रीय लक्ष वेधले ते दिल्लीच्या आय.आय.टी.तील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. उत्तर भारतातील खेड्यांत पाहणी करताना त्यांना आढळले की या यंत्राच्या जखमींत लहान मुलांची संख्या मोठी आहे. काम नसताना उघडे राहिलेले चाक मुलांना खेळणे वाटे. त्यांनी सुचवलेले बदल खर्चिक नव्हते: पात्यांवर झाकण, चाक अडकवून ठेवणारी खीळ, आणि रुळांच्या आधी हाताला सावध करणारा आणखी एक रूळ. खिळीचा उपयोग पाते बसवतानाही होतो. पाना फिरवताना चाक सरकले तर धार थेट तळहातावर येते. खीळ नसेल तर आरांत लाकडाची पाचर ठोकणे, एवढे तरी जुने मिस्त्री न चुकता करतात. मोटरच्या यंत्रावर त्याआधी वायर प्लगमधून काढून ती स्वतःच्या खिशात ठेवणारेही आहेत, आणि त्यांना कोणी भित्रे म्हणू नये.

हात गेल्यानंतर काय, याची तरतूद महाराष्ट्रात शेतकरी अपघात विम्याच्या रूपाने झाली. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव मिळाले आणि २०२३ पासून ती सानुग्रह अनुदानाच्या स्वरूपात आहे. मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास दोन लाख रुपये, एक अवयव गमावल्यास एक लाख. प्रारंभी लाभार्थी होता तो सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार. कुट्टीच्या यंत्रात वैरण सारणारा हात बहुतेक घरांत खातेदाराचा नसतो. तो त्याच्या पत्नीचा, सुनेचा, शाळेतून आलेल्या मुलाचा असतो. २०१९ मध्ये कुटुंबातील आणखी एका व्यक्तीचा समावेश झाला, वयोमर्यादा १० ते ७५ वर्षे. म्हणजे घरातील दोन हातांना विमा आला. तिसऱ्याला नाही. आणि सालाने ठेवलेल्या गड्याचे नाव तर कोणत्याच सातबाऱ्यावर नसते. उत्तरेच्या बागायती पट्ट्यात दहा-वीस गायींच्या गोठ्यावर पहाटे यंत्र सुरू करणारा माणूस पुष्कळदा हा गडीच असतो.

जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. घोडेगाव, वाळकी, काष्टी येथील जनावरांचे बाजार अजून भरतात. मोटरची यंत्रे आता झाकणासह येतात, आणि ती झाकणे पहिल्याच महिन्यात काढून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेली दिसतात. याचे कारण बेफिकिरी हेच एक नाही. झाकण चार बोल्टांनी जखडलेले असते, पाते दर काही दिवसांनी धारेसाठी काढावे लागते, आणि प्रत्येक वेळी आठ नट उघडण्याइतका वेळ धार काढण्याच्या वेळेला नसतो. एका बिजागरीवर उघडणारे झाकण हा बदल काही कारखानदारांनी केला आहे. तशा यंत्रांवर झाकण जागेवर राहते. मग पाते काढले जाते, एकाच अंगाने शाणेवर धरले जाते, सपाट बाजू पट्टीकडे ठेवून पुन्हा बसवले जाते, आणि मिस्त्री खिशातून जुन्या वर्तमानपत्राचा कपटा काढून चाक हाताने सावकाश फिरवतो.